मेटल डिटेक्टर घेऊन इतिहास शोधणं: इंग्लंडात चालतं, आपल्याकडे?

सफोककर · शनिवार, रात्री ९:४२

किल्ल्यांच्या धाग्यावर परवा ओघात लिहून गेलो की सुट्टीला मी मेटल डिटेक्टर घेऊन इथली, म्हणजे इंग्लंडातल्या सफोकमधली, शेतं धुंडाळतो. त्यावर बरेच व्यनि (खासगी निरोप) आले. निम्म्यांचा प्रश्न एकच: सोनं किती मिळालं? म्हणून वेगळा धागा काढतोय.

सोन्याचं आधी उरकून टाकू. मिळत नाही. मिळतात ती कोटाची बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, घोड्याच्या पट्ट्याची बकलं, ट्रॅक्टरचे नट, बिअरच्या कॅनच्या कड्या आणि चॉकलेटची चांदी. मधूनच एखादं खऱ्या चांदीचं नाणं येतं, हातोड्याने ठोकून पाडलेलं, नखाएवढं, आणि इतकं पातळ की वारा असेल तर मुठीतच धरावं लागतं. कधी ते अर्धंच असतं, कधी पाव. तुटलेलं नव्हे, मुद्दाम कापलेलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इथे सुटे पैसे म्हणजे कापलेल्या पेनीचे तुकडेच. १२७९ पासून पहिल्या एडवर्डने अर्ध्या आणि पाव पेनीची गोल नाणी पाडायला घेतली, मग ही कापाकापी थांबत गेली. म्हणजे असा पाव तुकडा बांधाजवळ सापडला की कळतं, सातशे-आठशे वर्षांपूर्वी या वाटेने कुणीतरी बाजाराला जात होतं आणि त्याचा खिसा फाटका होता.

यंत्रात जादू काही नाही. खालच्या चकतीतल्या तारेतून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असेल तर त्यात प्रवाह उठतो आणि त्याचा प्रतिसाद हेडफोनमध्ये आवाज होऊन येतो. लोखंड घोगरं बोलतं, चांदी-तांबं खणखणीत. एकटं नाणं असेल तर वीतभर खोलीपर्यंत कळतं, त्याखाली साधं यंत्र बहिरं.

नियमांशिवाय मात्र इथे पाऊल टाकता येत नाही. शेतमालकाची परवानगी हवीच, ती लेखी घ्यावी, आणि काही किमती सापडलं तर वाटणी कशी हेही त्याच कागदावर आधीच लिहावं. संरक्षित पुरातन स्थळावर सरकारी संमतीशिवाय यंत्र नुसतं फिरवणंसुद्धा गुन्हा. आणि १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू, किंवा तशी दोन नाणी एकत्र सापडली, तर चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. हो, तोच कॉरोनर, जो संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो! इथल्या जुन्या कायद्यात मढी आणि पुरलेलं धन एकाच माणसाच्या गळ्यात. २०२३ पासून दोनशे वर्षांवरची पण इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची वस्तू असेल तर तीही यात येते, मग धातू कुठला का असेना.

याखेरीज जे काही सापडेल, साधं बकल का असेना, ते कळवायची सक्ती नाही. पण 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' नावाची योजना आहे, तिचा अधिकारी जिल्ह्या-जिल्ह्यात असतो. तो वस्तू वजन करतो, फोटो काढतो, सापडल्याची जागा नोंदवतो आणि परत देतो. नोंद सगळ्यांना बघायला खुली, फक्त नेमकी जागा लोकांना दिसत नाही, नाहीतर रात्री शेतात जत्रा भरेल. या योजनेत पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे.

विचारा काय विचारायचं ते.

---

डोंगरवेडा · शनिवार, रात्री १०:१५

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

दादा, थेट मुद्द्याचं विचारतो. आमचा ग्रुप गडांवर संवर्धनाला जातो. पाऊस झाला की उतारावर माती वाहून शिवराया (शिवरायांच्या नावाची तांब्याची नाणी) उघड्या पडतात, हे गडाखालच्या वाडीतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. ती पोरं ही नाणी पर्यटकांना विकतात. मग आपणच एक यंत्र घेतलं, रीतसर शोधलं आणि सापडलेलं जमा केलं तर काय वाईट? ऑनलाइन स्वस्तात मिळतंय. कुठलं मॉडेल घेऊ?

---

शिवराईकाका · शनिवार, रात्री १०:५०

कुठलंच घेऊ नका.

नाणी जमवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून अधिकाराने सांगतो. जुन्या बाजारात पोतं उलटं केल्यासारख्या शिवराया पडलेल्या असतात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्यातल्या कित्येक गेल्या पाच-दहा वर्षांत ओतलेल्या, आणि ज्या खऱ्या आहेत त्या कुठल्या गडाच्या, कुठल्या गावच्या, हे विकणाऱ्याला माहीत नाही. विचारलं तर म्हणतो, "रायगडची आहे साहेब." सगळ्याच रायगडच्या!

नाणं कुठे सापडलं यावर काय अवलंबून असतं त्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण जोगलटेंभी. नाशिकजवळचं गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून अधिक. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या शक क्षत्रपाची, म्हणजे राजाची. पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आहे, त्यात मुलाला 'खखरात वंस निरवसेस करस' म्हटलंय, म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा. आईने केलेलं कौतुक म्हणून एखाद्याने ते सोडून दिलं असतं. जोगलटेंभीने त्यावर शिक्का मारला, अक्षरशः. हरलेल्याचा खजिना त्याच मुलखात, जिंकलेल्याच्या नावाने चलनात.

आता कल्पना करा, ती तेरा हजार नाणी दहा-दहा करून दहा गावच्या सोनारांकडे गेली असती तर? बाजारात आज नहपानाचं एक नाणं दिसतं, त्यावर सातकर्णीचा ठसा. बरं मग?

---

नोटरी_मिरज · रविवार, सकाळी ७:३०

डोंगरवेडा, काका जे प्रेमाने सांगतायत ते मी कायद्याने सांगतो.

१. केंद्र किंवा राज्य संरक्षित स्मारकात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. 'उत्खनन' म्हणजे जेसीबीच लागतो असं नाही, खुरपं पुरतं. स्मारकाला इजा झाली तर केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यात महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी मिळून २०२५ मध्ये आपले गड जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा नजर आता आणखी बारीक असणार. गडांची बरीच जमीन वनखात्याची, ती भानगड वेगळीच.

२. स्वतःच्या शेतात, घराच्या पायात काही सापडलं तर लागतो १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. कळवलं नाही तर वर्षापर्यंत शिक्षा आणि हिस्साही गेला. दहा रुपये हा आकडा १८७८ चाच आहे, हसू नका.

३. आता गंमत. कुणी मालक पुढे आला नाही तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, उरलेलं जमीनमालकाला. ऐकायला बरं वाटतं. पण सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. धातूची! म्हणजे सातवाहनांचं दुर्मीळ नाणं असलं तरी कायद्याच्या तराजूत ती अमुक ग्रॅम चांदी.

---

सफोककर · रविवार, दुपारी १:०५

नोटरीसाहेब, तिसरा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात. इथला खरा फरक मला तोच वाटतो. इथे संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि तेवढी रक्कम बक्षीस म्हणून मिळते, बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी. प्रामाणिक राहण्यात तोटा नाही. आपल्याकडे शेतकऱ्याला सोनारही तेवढेच देतो आणि वर कचेरीच्या चकरा वाचतात.

आमच्याच सफोकमधल्या हॉक्सनची गोष्ट सांगतो. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये पीटर व्हॉटलिंग नावाच्या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. एरिक लॉज हा त्याचा ओळखीचा, निवृत्त, यंत्राचा नाद असलेला. तो हातोडा शोधायला गेला आणि लागले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी. थोडं वर काढल्यावर तो थांबला. इथे त्या माणसाला मानलं पाहिजे. त्यांनी पोलिसांना आणि काउंटी कौन्सिलला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी उरलेलं जागच्या जागी उकरलं. त्यामुळे समजलं की हे सगळं एका लाकडी पेटीत होतं. लाकूड कधीच कुजलेलं, पण बिजागऱ्या, छोटी चांदीची कुलपं, चमच्यांची रचलेली चवड, सगळं होतं तसं. १४,८६५ रोमन नाणी! त्यातली सर्वांत उशिराची इ.स. ४०७-४०८ ची, म्हणजे रोमन सत्ता ब्रिटनमधून उठत होती त्याच सुमाराची किंवा त्यानंतरची ही पुरापुरी. लॉजने ओरबाडून पिशवीत भरलं असतं तर नाणी तेवढीच राहिली असती, पेटी मात्र कायमची गेली असती.

साडेसतरा लाख पौंड मिळाले त्याला, ते त्याने व्हॉटलिंगबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

---

तिरसट · रविवार, दुपारी २:२०

वा वा. जगभरातून उचललेल्या वस्तूंवर म्युझियम उभं करणाऱ्यांकडून आता आपण प्रामाणिकपणा शिकायचा.

आणि तिकडे सगळे साधुसंतच का?

---

सफोककर · रविवार, दुपारी ३:००

अजिबात नाही. रात्री बॅटऱ्या लावून दुसऱ्याच्या शेतात, संरक्षित जागेत घुसणारे आहेत, त्यांना इथे 'नाइटहॉक' म्हणतात. हेरेफर्डशरमध्ये लेम्स्टरजवळ २०१५ साली दोघांना व्हायकिंग काळातला साठा लागला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज. त्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढली. २०१९ मध्ये एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं शिक्षा झाली. परत मिळाली तीसेक नाणी. आणि त्या थोडक्या नाण्यांतही अशी काही आहेत, ज्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्शियाचा चेओलवुल्फ हे दोन राजे शेजारी शेजारी बसलेत. मागाहून लिहिलेल्या बखरीत या चेओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं म्हणून हिणवलंय, नाणी मात्र दोघांची युती सांगतात. उरलेल्या पावणेतीनशेत काय होतं ते देव जाणे.

म्युझियमबद्दलच्या तुमच्या पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही.

---

पांढरीवाला · रविवार, रात्री ८:१०

समदं वाचलं. आम्ही प्रवरेच्या काठचे शेतकरी, म्हणून दोन शब्द.

आमच्या गावाला लागून पांढर हाये. पांढरं टेकाड, जुनं गाव तिथं गाडलेलं. लहानपणी आम्ही तिथनं मणी वेचायचो, पावसानं धुतल्यावर चकाकत्यात. खापरं तर किती बी. पण ती माती भुसभुशीत, धाब्याच्या घरावर टाकायला झ्याक, शेतात टाकली तर पीक जोरात. आमच्या आज्यापासून गाड्याच्या गाड्या नेल्या. आता ट्रॅक्टर-ट्रॉली लागती. निम्मं टेकाड गेलं बघा. यंत्र घेऊन कोण दोन नाणी काढंल त्याची तुम्ही काळजी करताय, हितं अख्खं गाव ट्रॉलीत भरून चाललंय.

दायमाबाद आमच्यापासनं लांब न्हाई. १९७४ ला तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आन बैलाचा रथ घावला. साठ किलोच्या वर वजन. मोडीत घातलं असतं तर त्या काळी बी बक्कळ पैसे झाले असते. न्हाई घातलं, म्हणून आज त्ये जगाला दिसतंय. पोरांना म्या ह्येच सांगतो.

---

खापर · रविवार, रात्री ९:३५

पांढरीवाले दादा, तुमचा प्रतिसाद मला हवाच होता. (मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. आयडी बघून कळलंच असेल.)

दायमाबादचंच पुढे नेते. ते चार नग वाचले ही केवढी मोठी गोष्ट. पण ते उत्खननातून निघाले नाहीत, मूळ खणताना निघाले. नंतर एस. ए. साळींनी तिथे रीतसर खोदकाम केलं, थर लावले, संस्कृतींचा क्रम लावला. तरी हा रथ नेमक्या कुठल्या थरातला, हा वाद मिटला नाही. ढवळीकरांसारखे अभ्यासक त्याला उत्तर हडप्पा काळाशी (सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्याशी) जोडतात. डी. पी. अग्रवालांनी धातू तपासून शंका काढली, की यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे आणि आपल्याकडच्या त्या काळातल्या इतर वस्तूंत तसं दिसत नाही. वस्तू हातात आहे, वजन माहीत, धातू माहीत. माहीत नाही ती फक्त तिच्याभोवतीची वीतभर माती.

डोंगरवेडा, म्हणून यंत्राला नाही म्हणतेय. सफोककरांच्या शेतात शतकानुशतकं नांगर फिरलाय. वरच्या फूटभर मातीतलं नाणं मूळच्या थरातून केव्हाच उठलेलं आहे, वर खतांनी ते रोज सडतंय. ते उचललं तर फार काही बिघडत नाही, आणि नांगराच्या खाली थर लागला की थांबायचं हा त्यांचा पहिला धडा. पांढरीवर किंवा गडाच्या सदरेवर तसं नाही. तिथे वीतभर खड्डा म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या जमिनीतून आरपार. नाण्याखाली जळलेला थर होता का, शेजारी कुठलं खापर होतं, हे सगळं खुरप्याबरोबर गेलं.

आणखी एक व्यावहारिक. आपला काळा दगड लोहयुक्त, चुंबकीय. बसाल्टवर ही स्वस्त यंत्रं नुसती कोकलत राहतात. तुमचा ग्रुप दिवसभर दगड उकरत बसेल.

---

प्रॉव्हिडन्सकर · सोमवार, पहाटे ५:२०

अवांतर, पण इथे शोभेल. मी ऱ्होड आयलंडला राहतो. इथल्या मिडलटाउन गावातल्या एका फळबागेत जिम बेली नावाच्या हौशी माणसाला २०१४ मध्ये यंत्राने एक चांदीचं नाणं सापडलं. त्यावर अरबी अक्षरं! १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं. अमेरिकेत ते आलं कसं? बेलीने मागे लागून जो धागा जुळवला तो थेट औरंगजेबापर्यंत जातो. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज लुटलं. बादशहा तेव्हा दख्खनेत मराठ्यांशी झुंजत होता, आणि इकडे सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना बेड्या पडल्या. एव्हरी पुढे गायब झाला, पण त्याची माणसं अमेरिकी किनाऱ्याला लागली. ही नाणी त्यांच्या खिशातली, असं बेलीचं म्हणणं. न्यू इंग्लंडमध्ये तशी आणखीही सापडली आहेत.

एक नाणं, एक फळबाग. पण त्याने जागा नोंदवली म्हणून गोष्ट झाली.

---

तिरसट · सोमवार, सकाळी १०:००

हा प्रतिसाद आवडला, मान्य करतो.

पण आपल्याकडचं खरं गिऱ्हाईक डोंगरवेडा नाही, हे कुणी बोलत नाही. ते आहे गुप्तधनवालं. 'वीस फुटांखालचं सोनं दाखवतो' म्हणून दोन अँटेना लावलेले डबे लाखांत विकले जातात. कालपर्यंत पायाळू माणूस शोधायचे, कारण म्हणे त्याला जमिनीतलं धन दिसतं. आता पायाळूच्या जागी डबा आला. मांत्रिक तोच आहे.

---

नोटरी_मिरज · सोमवार, सकाळी १०:४५

आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आमच्या कोर्टात ही प्रकरणं अजून येतात. सफोककरांचं 'वीतभर खोली' हे वाक्य छापून गावोगाव लावायला हवं.

---

डोंगरवेडा · सोमवार, रात्री ९:१०

ठीक, यंत्र रद्द. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. आम्ही टाक्यातला गाळ रीतसर परवानगी घेऊन काढतो. त्यात नाणं, गोळा, बाण काही आलंच तर नेमकं करायचं काय? आजवर ज्याला सापडलं त्याच्या खिशात जायचं, खोटं कशाला बोलू.

---

खापर · सोमवार, रात्री १०:२५

हे विचारलंत ते बरं केलंत.

काम तिथे थांबवा. उचलण्याआधी फोटो, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवून, आणि एक लांबून, टाक्याची भिंत दिसेल असा. मोबाइलवर अक्षांश-रेखांश. गाळ वरून किती खाली होतो ते मोजा, गाळाचा रंग कुठे बदलला तेही लिहा. वस्तू धुवायची नाही, घासायची नाही, लिंबू-चिंच तर मुळीच नाही! तांब्यावरचा हिरवा थर काढला की अक्षरंही जातात. कागदात गुंडाळून, पाकिटावर तारीख आणि जागा. मग ज्यांनी परवानगी दिली त्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय देऊ नका.

खापरंही ठेवा. नाण्याएवढीच महत्त्वाची असतात, फक्त त्यांचे फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही.

आणि तुमचा ग्रुप उरलेली हौस अशी भागवू शकतो: न खणता फिरणं. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, शेतांतून वस्तू जमवल्या, त्यातून तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तगर हे तेरचं जुनं नाव पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात वाचून जे समजत नाही ते त्या दालनात समजतं. आज तेच काम करायचं तर वस्तू न उचलता, नकाशावर खूण करून. पांढरी कुठे आहे, किती उरली, खापरं कुठल्या रंगाची. पांढरीवाले दादांच्या गावापासून सुरू करा.

---

शिवराईकाका · मंगळवार, सकाळी ८:००

खापरताई, चिंचेचं दहा वेळा लिहा. माझ्याकडे लोक चकचकीत केलेल्या शिवराया घेऊन येतात आणि विचारतात, "काका, यावर काय लिहिलंय?" होतं, लिहिलेलं होतं.

---

पांढरीवाला · मंगळवार, रात्री ८:४०

या की. खुशाल या. फकस्त कांदा काढून झाल्यावर या, आत्ता समदं गाव रानात हाये. सरपंचाला सांगून ठिवतो. ट्रॉलीवाल्यांना बी बोलावतो, त्येंनाच आधी दावा खापर म्हंजी काय.

नोटरीसाहेब, त्ये जिल्हाधिकाऱ्याला द्यायचं पत्र मराठीत लिहून टाका हितं. आमच्याकडं घावलं तर लोक तलाठ्याला बी सांगायला घाबरत्यात, आपल्यालाच आत घालतील म्हणून.

---

नोटरी_मिरज · मंगळवार, रात्री ९:५५

टाकतो. कायद्याला चारच गोष्टी हव्यात: काय सापडलं, किती, कुठे, कधी. सोबत वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का. तलाठ्याला तोंडी सांगून भागत नाही, पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्याच नावे. मसुदा उद्या कोर्टातून आल्यावर इथेच चिकटवतो.